बातमी आधी, बंदूक मागाहून

ईस्ट इंडिया कंपनीने संगोळ्ळी रायण्णाला २६ जानेवारी १८३१ रोजी नंदगडला फाशी दिली. त्याच्या तेरा वर्षे आधी याच कंपनीने पेशवाई बुडवली होती आणि बेळगावचा किल्ला वेढा घालून घेतला होता. १८२४ साली तिने कित्तूरची देसगत तोफा लावून खालसा केली. दख्खनमध्ये तिच्यासमोर उभी राहील अशी फौज उरली नव्हती. तरीही ज्याच्यापाशी ना पलटण ना तोफखाना अशा एका खेड्यातल्या शेतसनद्याने १८३०च्या जानेवारीपासून एप्रिलपर्यंत तिला या मुलखात पळवले. शेवटी सापडला तोही लढाईत नाही. ओढ्यात अंघोळीला उतरला असताना त्याच्याच मुलखातल्या माणसांनी त्याला धरून दिला. इतक्या बलाढ्य सत्तेला तो इतके दिवस का सापडला नाही, आणि सापडला तो असा का, या दोन प्रश्नांभोवती हे पुस्तक उभे आहे.

दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकाच ठिकाणी आहे: बातमी कोणाकडे होती. दुबळ्या फौजेला शस्त्राची बरोबरी साधता येत नाही, पगाराची तर नाहीच. पण शत्रू कुठे मुक्कामाला आहे, त्याच्यासोबत किती माणसे आहेत, खजिना कुठल्या दिवशी कुठल्या वाटेने निघणार आहे आणि रात्री पहाऱ्यावर कोण असते, हे तिला शत्रूपेक्षा आधी कळले, तर तोफ असूनही नसल्यासारखी होते. तोफेला आधी निशाण लागते, आणि ते कुठे आहे हे कुणीतरी सांगावे लागते. परक्या मुलखात हे सांगणारा माणूस स्थानिकच असतो. तो कोणाच्या बाजूने बोलतो किंवा कोणासमोर गप्प बसतो, यावर पुष्कळ लढायांचा निकाल ठरला आहे.

सुरुवात कित्तूरपासून करावी लागते. १८२४च्या सप्टेंबरात शिवलिंगरुद्रसर्ज देसाई निपुत्रिक वारला. मृत्यूआधी घेतलेले दत्तक धारवाडचा कलेक्टर सेंट जॉन थॅकरे याने मानले नाही. खजिन्यावर मोहोर केली, पहारे बसवले. २३ ऑक्टोबरला किल्ल्याचे दार आतून बंद झाले, तेव्हा थॅकरे मद्रासच्या घोडतोफखान्यासह बाहेर उभा होता. त्या काळात या मुलखात त्याहून नवे आणि वेगवान शस्त्र नव्हते. दार उघडावे म्हणून त्याने मुदत दिली. दार उघडले खरे, पण आतून हत्यारबंद लोंढा बाहेर पडला. तोफखान्याला बार भरायची उसंत मिळाली नाही. थॅकरे आणि तोफखान्याचे तीन अधिकारी मारले गेले. पुढे निसर्गशास्त्रज्ञ म्हणून नावाजलेला वॉल्टर एलियट आणि त्याचा सहकारी स्टीव्हन्सन हे दोघे कित्तूरच्या राणी चन्नम्माच्या हाती ओलीस सापडले.

हा तोफखान्याचा पराभव म्हणता येणार नाही, तो कलेक्टरच्या कानांचा होता. किल्ल्यात किती माणूस जमले आहे, खेड्याखेड्यांतून कोण आत आले आहे आणि राणीच्या शब्दाला किती मान आहे, याचा थॅकरेला अंदाज नव्हता. ज्यांच्यामार्फत तो कित्तूर पाहत होता ते दरबारातले फुटलेले कारभारी होते. लोकपरंपरेत मल्लप्पा शेट्टी आणि व्यंकटराव ही त्यांची नावे आजही शिवीसारखी घेतली जातात. फितुराची अडचण ही की तो विकत घेणाऱ्याला आवडेल तेच सांगतो. राणी एकटी पडली आहे, जरा दटावले की नमेल, हे साहेबाला आवडणारे उत्तर होते आणि बहुधा तेच त्याला मिळत गेले.

मात्र दीड महिन्याने काय झाले तेही विसरून चालणार नाही. डिसेंबरात कंपनी मोठ्या फौजेनिशी आणि वेढ्याच्या तोफांसह परत आली आणि कित्तूर पडले. त्या वेळी किल्ल्यात बातमीची वाण नव्हती. समोर काय आले आहे ते भिंतीवरून दिसतच होते. बातमी हे दुबळ्याचे शस्त्र खरे, पण किल्ला धरून बसलेल्याच्या हातात ते बोथट होते, कारण त्याला जागा बदलता येत नाही. दारूत भेसळ करून आतल्याच माणसांनी घात केला, असे लोककथा सांगते. ते खरे असो वा नसो, रायण्णाने धडा घेतला तो वेगळाच. त्याने पुढे कुठलीही भिंत धरून ठेवली नाही.

रायण्णा शेतसनदी होता, आणि त्या पदात या पुस्तकाचा निम्मा आशय आला आहे. शेतसनदी म्हणजे गावाच्या रखवालीच्या, वसुलीच्या आणि प्रसंगी लढाईच्या चाकरीबद्दल सनदेने जमीन मिळालेला माणूस. गावात परका कोण आला, कोणाचे बैल चोरीला गेले, रात्री कुठल्या पांदीने कोण गेले, डोंगरात विस्तव कुठे दिसला, हे माहीत असणे ही त्याची रोजची नोकरी. पाटील, कुळकर्णी, शेतसनदी, वालीकार या उतरंडीत तो खालच्या पायरीवर असला तरी राज्य गाव पाहते ते त्याच्या डोळ्यांनी. कित्तूर खालसा झाल्यावर कंपनीने या जमिनींना हात घातला. रायण्णाची काही जमीन गेली, उरलेलीवर जबर सारा बसला. कागदावर वसूल वाढला असेल. पण सरकारने बचत म्हणून आपलेच डोळे काढून टाकले होते, आणि ते डोळे आता दुसऱ्या कोणासाठी तरी पाहणार होते.

इथे नंदगडचा भूगोल सांगायला हवा. खानापूर तालुक्याचा हा भाग दोन मुलखांच्या सांध्यावर आहे. पश्चिमेला सह्याद्रीचे दाट रान आणि त्यातून गोव्याकडे उतरणाऱ्या वाटा, पूर्वेला संपगाव आणि बैलहोंगलची उघडी काळी जमीन. मलप्रभा कणकुंबीला उगम पावून याच तालुक्यातून पठाराकडे जाते. नंदगड ही जुनी पेठ. गोव्याकडचे मीठ, नारळ, सुपारी इथे यायची आणि पठारावरचे धान्य खाली जायचे. ही ने-आण बैलांच्या तांड्यांवर चाले, आणि तांडा जिथे मुक्काम करतो तिथली बातमी पुढच्या मुक्कामाला नेतो. पलटणीच्या रसदीसाठी कोणाकडून किती धान्य उचलले, हे कंपनीच्या हिशेबनिसाला ठाऊक होण्याआधी पेठेतल्या तराजूला ठाऊक असे. हजार माणसांची फौज हलायची तर तिला पीठ लागते, वैरण लागते, वेठीची माणसे लागतात. यातली एकही गोष्ट गुपचूप गोळा करता येत नाही.

रानातले लोक वेगळे, आणि तेही रायण्णाच्या बाजूचे. तो स्वतः कुरुबर, म्हणजे आपल्याकडच्या धनगरांसारख्या मेंढपाळ समाजातला. मेंढरांमागे शिवारभर फिरणाऱ्या माणसाला कोणी हटकत नाही. खानापूर आणि हल्याळच्या रानात राहणाऱ्या सिद्दींपैकी गजवीर हा त्याचा विश्वासू साथीदार म्हणून लावण्यांत येतो. मेंढपाळ, सिद्दी, तांडेवाले, सनद गेलेले शेतसनदी, अशी ही माणसे. यांतल्या कोणाला हेर म्हणून नेमावे लागले नाही. ती आधीच जागेवर होती आणि रोजचीच कामे करत होती. दुबळ्या फौजेची टेहळणी शत्रूला दिसत नाही, त्याचे मोठे कारण हेच.

उठावाची पहिली मोठी घटना म्हणजे १८३०च्या जानेवारीत जाळलेली बिडीची सरकारी कचेरी. बिडी नंदगडजवळचेच, त्या काळी तालुक्याच्या कचेरीचे गाव. नंतर संपगावच्या खजिन्यावर घाला झाला. नंदगडही सुटले नाही. शाळेच्या पुस्तकात हे जाळपोळ आणि लूट म्हणून दोन ओळींत उरकते. पण कचेरीत जळते काय, ते जरा थांबून पाहावे. जमिनीची मोजणी, साऱ्याची बाकी, कोणाची सनद कधी रद्द केली, कोणाकडून काय येणे आहे, ही सगळी दप्तरे तिथे लाल बासनात बांधून ठेवलेली. कंपनीला गाव दिसत होते ते या कागदांतून. कचेरीला आग लागली की कंपनीच्या आठवणीलाच आग लागली. रायण्णाच्या माणसांना आपला मुलूख तोंडपाठ होता, त्यांना कागदाची गरज नव्हती. दुबळ्या बाजूची बातमी डोक्यात असते, बलाढ्याची दप्तरात. कोणाची जाळता येते हे उघड आहे.

पलटणी आल्या की हे लोक पांगत आणि रानात मिसळत. कंपनीला मोकळ्या मैदानात समोर शत्रू हवा होता, तो मिळत नव्हता. धारवाड-बेळगावहून निघालेली तुकडी पोहोचेपर्यंत बिऱ्हाड हललेले असे. अशा पाठलागात बातमी खरी असून भागत नाही, ती ताजी असावी लागते. कंपनीची बातमी खेड्यातून मामलेदाराकडे, मामलेदाराकडून कलेक्टरकडे, तिथून छावणीत आणि छावणीतून हुकूम होऊन तुकडीकडे अशी चढत-उतरत जायची. रायण्णाची बातमी टेकडीवरच्या पोराकडून थेट त्याच्याकडे यायची. पहिलीला दिवस लागत, दुसरीला तास.

मग कंपनी शिकली. तिने तोफा वाढवल्या नाहीत, गाव-पाटलांना हाताशी धरले. खोदानपूर आणि नेगीनहाळच्या गौडांची नावे लावण्या घेतात. ते रायण्णाच्या गोटात शिरले. एप्रिलमध्ये डोरी ओढ्यात तो अंघोळीला उतरला. हत्यार त्याने काठावरच्या सोबत्याच्या हाती दिले होते, आणि तो सोबती फितुरांतलाच निघाला. रायण्णाने तलवार मागितली तेव्हा ती घेऊन तो दूर पळाला, असे लोक सांगतात. हा प्रसंग बारकाईने पाहण्यासारखा आहे. चैत्र-वैशाखात या रानातले बरेचसे ओढे आटतात. पाणी उरते ते मोजक्या डोहांत, आणि कुठल्या डोहात ते स्थानिकालाच कळते. माणसे रानात कुठेही लपोत, पाण्यावर त्यांना यावेच लागते. रायण्णाला चार महिने ज्या माहितीने वाचवले, तीच माहिती आता दुसऱ्याच्या कामी आली. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, ही म्हण त्या ओढ्यावर शब्दशः खरी ठरली.

या पुस्तकाला मुख्यतः एवढेच म्हणायचे आहे. बलाढ्य फौजेला एक बातमी चुकली तर ती एक लढाई हरते आणि दुसरी फौज पाठवते. थॅकरे पडला, डिसेंबरात नवी फौज आली. दुबळ्या फौजेची सगळी पुंजीच बातमी असते. तिच्यातला एक माणूस फुटला की मागे दुसरे काही उरत नाही. म्हणून फितुरी ही शूरांच्या कथेतली एक दुःखद कलाटणी समजून सोडून देता येत नाही. ती या प्रकारच्या युद्धाच्या रचनेतच आहे. जे जाळे विश्वासावर विणलेले असते ते विश्वास विकत घेऊनच तोडता येते, आणि विकत घेण्याची ऐपत नेहमी बलाढ्याकडेच असते.

हे कित्तूरपुरते नाही, हे दाखवायला फार लांब जावे लागत नाही. रायण्णा फासावर गेला त्याच वर्षी पुरंदरच्या डोंगरांत उमाजी नाईकांचा पाठलाग चालू होता. रामोशी हेही रखवालीचे लोक. गडांची आणि गावांची राखण हे त्यांचे वतनी काम, आणि तेही नव्या राजवटीने मोडीत काढलेले. उमाजींनाही कंपनीने शस्त्राने हरवले नाही. बक्षिसाला भुललेल्या जवळच्या माणसांकरवी त्यांना १८३१च्या डिसेंबरात पकडले आणि पुढच्या फेब्रुवारीत पुण्यात फाशी दिली. त्यांच्यामागे लागलेल्या कॅप्टन मॅकिंटॉशने १८३३ साली रामोशांवर एक अख्खे पुस्तक लिहिले. ज्यांना आपण ओळखत नव्हतो म्हणून इतकी वर्षे दमलो, त्यांना आता नीट लिहून ठेवा, असा तो सरकारी शहाणपणा होता.

त्याही आधी, १८०० साली, याच मुलखाने बातमीची किंमत पाहिली होती. धोंडिया वाघ या भटक्या सरदाराने ३० जूनला कित्तूरजवळ मराठ्यांचे सरदार धोंडोपंत गोखले यांना अचानक गाठून ठार केले. मराठ्यांची ती फौज काही लहान नव्हती, पण वाघ कुठे आहे हे तिला ठाऊक नव्हते आणि वाघाला तिचा ठावठिकाणा होता. आर्थर वेलस्लीने त्याचा पाठलाग करून १० सप्टेंबरला कोनगलजवळ त्याला संपवले, तेव्हा वेलस्लीकडे शिस्तबद्ध घोडदळ होते आणि मुलूखभर बातमीही येत होती. बहिर्जी नाईकांच्या नावाने वाढलेल्या मराठी वाचकाला हे नवे वाटू नये. सुरतेवर जाण्याआधी शहर पाहून आलेल्या जासुदाचा उल्लेख सभासदाने केला आहे. नवे एवढेच की आपण हेराला वेषांतर करणारा एकटा वीर म्हणून पाहायला शिकलो. इथे दिसतो तो हेर म्हणजे पुष्कळ सामान्य माणसांची एक सवय.

बाहेरच्या जगाचेही दाखले पुढे येतील. १ मार्च १८९६ रोजी आडवाला इटलीची फौज चुकीचा नकाशा आणि चुकीची खबर घेऊन चालून गेली. इथिओपियाचा सम्राट मेनेलिक याची फौज पांगली आहे अशी तिची समजूत करून देणाऱ्यांत अवालोम नावाचा एक माणूस होता. इटालियन त्याला आपला खबऱ्या समजत होते, काम तो दुसऱ्या बाजूचे करत होता. नकाशातल्या टेकडीच्या नावाचा घोळ झाला, एक तुकडी भलत्याच टेकडीवर एकटी पडली. मेनेलिकची फौज संख्येने मोठी होती आणि तिच्याकडे बंदुकाही होत्या, पण एकट्या पडलेल्या तुकडीला तिने गाठले ते बातमीच्या जोरावर.

१९९९ साली रडारला न दिसणारे म्हणून गाजलेले अमेरिकेचे एफ-११७ विमान युगोस्लाव्हियाने पाडले, ते १९६०च्या दशकातल्या क्षेपणास्त्राने. कर्नल झोल्तान दानी याची तुकडी रडार काही सेकंदच चालू ठेवायची आणि लगेच जागा बदलायची, म्हणजे तिचा माग काढायला शत्रूला वेळच मिळत नसे. इटलीतल्या अवियानो तळाबाहेर उभे राहून उडणारी विमाने पाहणारी माणसे होती आणि विमाने त्याच त्याच मार्गांनी येत होती, हेही नंतर पुष्कळदा लिहिले गेले. धावपट्टीच्या कुंपणाबाहेरचा माणूस आणि नंदगडच्या पेठेत पलटणीसाठी घेतलेले धान्य मोजणारा वाणी, दोघांचे काम एकच: जे लपवता येत नाही त्यावर नजर ठेवणे. २००२ साली अमेरिकेच्याच एका युद्धसरावात शत्रूची बाजू खेळणारे निवृत्त जनरल पॉल व्हॅन रायपर यांनी वायरलेस बंद ठेवला आणि निरोप मोटारसायकलवरून पाठवले. त्या सरावातल्या समुद्रात १६ युद्धनौका बुडाल्या. मग नियम बदलून सराव पुन्हा मांडला गेला. खऱ्या युद्धात नियम बदलून मिळत नाहीत.

साधनांबद्दल दोन शब्द. रायण्णाने स्वतः काही लिहून ठेवलेले नाही. आपल्याकडे आहेत ती कंपनीची पत्रे, ज्यांत तो दरोडेखोर आहे, आणि कन्नड लावण्या, ज्यांत तो अवतारी पुरुष आहे. त्यातली एक लावणी जॉन फेथफुल फ्लीट याने १८८०च्या दशकात ‘इंडियन अँटिक्वेरी’त छापली. फ्लीट हा मुंबई इलाख्यातला सरकारी अधिकारी. बंडखोराचे गाणे सरकारी माणसाने जपून ठेवावे, हा योगायोग म्हणून सोडून देण्यासारखा नाही. तोवर सरकारला लोकांच्या ओठांवर काय आहे हे कळून घेणे गरजेचे वाटू लागले होते. लावणीतून दिवस-तारखा काढू नयेत, आणि सरकारी पत्रातून लोकांचे मन काढू नये. दोन्ही समोरासमोर ठेवल्यावर जेवढे जुळते तेवढेच या पुस्तकात घटना म्हणून घेतले आहे. बाकी जिथे आले आहे तिथे लोक असे सांगतात, असे स्पष्ट म्हटले आहे.

आणखी एक गोष्ट या भागात राहून टाळता येत नाही. रायण्णा कन्नडचा वीर आणि नंदगड मराठी बोलणारे गाव, म्हणून त्याच्याबद्दल मराठीत लिहिताना कोणी भुवया उंचावेल. त्याचे स्मारक आणि पुतळे हे आज सीमाभागातल्या राजकारणाचेही विषय आहेत. त्या वादात हे पुस्तक पडत नाही. १८३० साली या रानात बातमी कानडीत गेली की मराठीत की कोकणीत, हे कंपनीला कळत नव्हते, आणि तिची खरी अडचण तीच होती. नंदगडच्या वडाला मूल व्हावे म्हणून पाळणे बांधणाऱ्या बायका कुठल्या भाषेत नवस बोलतात हे आजही कोणी विचारत नाही.

पुढची प्रकरणे वाचताना प्रत्येक ठिकाणी तीन प्रश्न विचारावेत अशी विनंती आहे. पहिला, शत्रूची हालचाल पाहणारा माणूस कोण होता आणि एरवी त्याचे काम काय होते. दुसरा, त्याने पाहिलेले कृती करणाऱ्यापर्यंत किती वेळात पोहोचले. तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा, त्या माणसाची भाकर कोणी काढून घेतली आणि नंतर ती परत देण्याचे आमिष कोणी दाखवले. शस्त्रांच्या याद्या आणि फौजांचे आकडे इतिहासात सहज सापडतात, म्हणून निकाल त्यांच्यावरून लावायचा मोह होतो. रायण्णाच्या बाबतीत असा निकाल लावला, तर ते चार महिने समजत नाहीत आणि ओढ्यावरची ती सकाळही समजत नाही. शेतसनद्याची जमीन काढून घेताना कंपनीने वाचवलेला पैसा आणि त्याला पकडून देणाऱ्यांना तिने दिलेले इनाम, हे दोन्ही आकडे एकाच खात्यात मांडायला हवेत. राज्य कुठलेही असो, रखवालदाराला उपाशी ठेवून केलेली बचत ते पुढे फितुरावर खर्च करते, आणि तो खर्च नेहमी जास्तच असतो.